लाभ, दोन, तीन

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेले, माटोळीला शेवटच्या सुपाऱ्या बांधणे चाललेले, आणि आमची नात ओसरीवर उभी राहून 'वन टू हंड्रेड' म्हणून दाखवत होती. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची. कुठे अडखळली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर छत्तीस वर्षे बँकेत नोटा मोजलेला माणूस, माझी छाती फुगणारच.

पाच मिनिटांनी आमच्या सौभाग्यवतीने आतून हाक मारली, "बाय, सात केळीं हाड." बाय गेली आणि हातात मावतील तेवढी केळी घेऊन आली. मी म्हटले, मोज. तिने बोट फिरवत मोजली, पण बोट एका केळ्यावर आणि तोंड पुढच्या आकड्यावर. "कितले?" म्हणून विचारले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू! उत्तर नाहीच. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. तो मला स्वतःलाच ऐकू आला, आणि ओसरीवर बसलेल्या मुलालाही.

त्याने त्या वेळी काही म्हटले नाही. सुनेचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते, म्हणून नातीला वर्षभर आमच्याकडे ठेवायचे ठरले होते. बंगळूरला परत जाताना गाडीत बॅगा ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाबा, एक सांगतां. तिका पाडे लावचे न्हय."

का म्हणाला ते मला पक्के ठाऊक होते. तो दुसरीत असताना रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी त्याला समोर उभा करून पाढे म्हणून घेत असे. एकदा 'सात सक' पाशी तो अडला. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा थोबाडीत दिली. त्या काळी सगळेच देत, असे मी स्वतःला सांगत आलो. आज तो चित्रे काढून पोट भरतो आणि चांगले भरतो. पण हॉटेलात बिल आले की न पाहता बायकोकडे सरकवतो. ते पाहिले की माझ्या पोटात कालवते.

असो. पाढे नाहीत, तर मग काय? मुलाने टॅबलेटवर एक आकड्यांचा खेळ घालून दिला होता. तो वाईट होता असे म्हणणार नाही. आकड्यांची रूपे ती त्यावरच ओळखायला शिकली. पण उत्तर चुकले तर ती दुसऱ्या फुग्यावर बोट आपटी, मग तिसऱ्यावर. कधीतरी बरोबर फुगा फुटे, टाळ्या वाजत. मोजायची गरजच काय!

मग मला माझ्या आईचे चिंचोके आठवले. चिंचोका फोडला की दोन भाग होतात, आतून पांढरे, बाहेरून तपकिरी. असे चार भाग हातात खुळखुळवून जमिनीवर टाकायचे, पांढरे किती पडले ते दान. पावसाळ्यात आम्हा भावंडांचे दिवसच्या दिवस त्यात जात. आम्ही गणित शिकतो आहोत असे कुणी आम्हाला सांगितले नाही, नाहीतर उठूनच गेलो असतो.

मी ओसरीवर खडूने सरळ रेषेत दहा घरे आखली आणि चारऐवजी दोनच भाग घेतले. एक पांढरा आला तर एक घर, दोन आले तर दोन, दोन्ही तपकिरी पडले तर जाग्यावरच बसायचे. माझी सोंगटी सुपारी, तिची काजूची बी. चार वर्षांच्या पोरीला शून्य कसे समजवायचे, हा प्रश्न त्या दोन तपकिरी पाठींनी परस्पर सोडवला. "आजो, तुला काहीच नाही!" म्हणून ती नाचायची.

मुलाला हे फोनवर सांगितले, तर त्याने एक लेख पाठवला. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सिगलर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली जवळजवळ हाच प्रयोग छापला होता. गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा आकड्यांची सरळ पट्टी दिली. फिरकीवर फक्त एक आणि दोन. पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, तेही दोन आठवड्यांत मिळून. तेवढ्यानेच कुठला आकडा मोठा, कुठला किती दूर, हे मुलांना पुष्कळ चांगले कळू लागले, आणि नऊ आठवड्यांनी पाहिले तरी ते टिकून होते. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांची घरे घेऊन खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. पुढे त्यांनी गोल पट करून पाहिला, त्याचाही सरळ पट्टीइतका उपयोग झाला नाही.

यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटली. सोंगटी चारवर आहे आणि दान दोन पडले, तर मूल सहसा "एक, दोन" म्हणत सरकते. तसे नाही म्हणू द्यायचे. "पाच, सहा" म्हणायला लावायचे. पहिल्या प्रकारात ते फक्त दान मोजते. दुसऱ्या प्रकारात आपण कुठे होतो आणि कुठे पोचलो हे त्याला कळते. बेरीज म्हणजे आणखी काय असते? आमच्या बायला हे वळण लागायला आठवडा गेला. मी ओरडलो नाही. एकदा उठून विहिरीवर जाऊन आलो, ते खरे.

हे सगळे वाचून खेळ म्हणजे सगळ्यावर औषध असे कुणी समजू नये. २०१७ साली दिल्लीतल्या सुमारे दीड हजार बालवाडीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्वर्डच्या एलिझाबेथ स्पेल्के होत्या, पुढे २०१९ साली नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो होत्या, आणि 'प्रथम' ही आपल्याकडची संस्था. चार महिने मुलांनी अंदाजाचे आणि आकारांचे खेळ खेळले. त्या जातीची समज वर्षभराने पाहिले तरी वाढलेलीच होती. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ही मुले इतरांच्या पुढे नव्हती. मला याचे नवल वाटले नाही. हातातल्या बिया आणि पाटीवरचा ५ यांच्यामध्ये एक ओहोळ असतो, त्यावर कुणीतरी साकव घालावा लागतो. त्या दिवशीच मी खडूने प्रत्येक घरात आकडा लिहिला आणि सोंगटी तिथे टेकली की तो मोठ्याने वाचायचा, असा नियम केला.

यात माझी हुशारी काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे ती कोसबाडला नेली, तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधने होती. विकतच्या खेळण्यांना पैसे कुठून आणायचे? आमच्या अंगणात ही सगळी साधने पडलेलीच होती. मी तीस वर्षे त्यांवरून चालत बँकेत गेलो.

एक गंमत सांगतो. माझी आई भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन. मी सहज एकदा ते सांगितले आणि बायने उचलले. पहिल्या घरावर बी ठेवताना दर खेपेला "लाभ!" शाळेतही तिने "लाभ, टू, थ्री" म्हटले, तेव्हा तिच्या बाईंनी हे काय प्रकरण म्हणून मला विचारले. मी सांगितले. त्या हसल्या, म्हणाल्या, माझी आजीही असेच म्हणायची.

मे महिन्यात घरे वीस झाली. काजूच्या बियांचे ढीग करून दहा-दहा मोजणेही सुरू झाले. शेजारची मोठी मुले तिला फसवून बिया जिंकत, म्हणून ती आपल्या बिया रोज संध्याकाळी मोजून ठेवायला लागली. दोन कमी भरल्या तर घर डोक्यावर घेई. लुबाडले गेल्याशिवाय वजाबाकी येत नाही, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत पडले.

गेल्या चवथीला मुलगा आला, तो तान्ह्यालाही घेऊन. दुपारी जेवणे आटोपल्यावर बायने बापाला ओढून ओसरीवर बसवले आणि नियम समजावले. तो पाचवर होता, दान दोन पडले. "एक, दोन," करत त्याने सोंगटी सरकवली. "तसे नाही, पप्पा. सहा, सात म्हण!" तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सहा, सात."

मग तिने विचारले, "पप्पा, तू लहान होतास तेव्हा आजोबरोबर हा खेळ खेळायचास?"

मी चिंचोक्यांकडे पाहत राहिलो.

"ना गो," तो म्हणाला. "तेन्ना आजोक वेळ नासलो." आणि चिंचोक्याचे दोन्ही भाग उचलून त्याने माझ्या हातात ठेवले. माझी पाळी होती.