रात्र मध्ये जाऊ दे

उत्तरपत्रिका तपासणे हा प्राध्यापकाच्या आयुष्यातला सर्वांत नीरस उद्योग होय, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु तो मला मान्य नाही. इंग्रजी वाक्प्रचारांवर एखादा प्रश्न घालावा आणि शंभर मुलांची उत्तरे घेऊन रात्री निवांत बसावे, म्हणजे करमणुकीसाठी नाटकाला जाण्याचे कारण उरत नाही. यंदा मी झोपेसंबंधीचे पाच वाक्प्रचार घातले होते व त्यांचे अर्थ मराठीत मागितले होते. 'फॉर्टी विंक्स' म्हणजे एखादी डुलकी. पण एका मुलाच्या मते त्या वाक्यातल्या वृद्ध गृहस्थाने जेवण होताच चाळीस वेळा डोळे मिचकावले होते. 'हिट द सॅक' म्हणजे अंथरुणाला पाठ टेकणे. पण दुसऱ्याच्या लेखी तो दमलेला मजूर घरी येताच पोत्याला बडवू लागला होता. मला इतके हसू लोटले, की आतून पत्नीने "काय झाले?" म्हणून विचारले. मी तिला ती उत्तरे वाचून दाखवली आणि आम्ही दोघेही पुन्हा हसलो.

मग तिसरी उत्तरपत्रिका हाती आली. तिच्यातला वाक्प्रचार 'स्लीप ऑन इट' हा होता. एका माणसाला रागाचे पत्र येते व उत्तर लिहिण्यापूर्वी तो 'स्लीप्स ऑन इट', असे मी दिलेले वाक्य होते. मुलाने लिहिले होते, 'त्याने ते पत्र अंथरुणावर ठेवले व तो त्यावर झोपला.' मी सवयीने लाल पेन्सिलीची फुली मारली. परंतु या वेळी हसू आले नाही. का आले नाही, ते सांगण्यापूर्वी या इंग्रजी झोपेच्या संसाराकडे थोडे पाहिले पाहिजे.

इंग्रजी बोलणारा मनुष्य झोपेविषयी बोलू लागला, की त्याच्या घरातले बरेचसे सामान बोलण्यात येते. 'हिट द हे' हा प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ झाला. ज्या गाद्यांत वाळलेले गवत भरलेले असे, त्यांवर थकून अंग टाकणाऱ्याची ही भाषा आहे. 'सॅक' हे त्याच गवताच्या गादीचे पोते. तेव्हा पोते बडवणारा माझा विद्यार्थी वस्तूच्या अगदी जवळ गेला होता. फक्त त्या पोत्यावर निजावयाचे असते, एवढे त्याच्या ध्यानात आले नाही. गाढ झोपेला इंग्रजीत 'लॉग' म्हणजे लाकडाच्या ओंडक्याची उपमा आहे, तशीच 'टॉप' म्हणजे भोवऱ्याचीही आहे. १६३४ साली छापलेल्या, शेक्सपिअर व फ्लेचर यांच्या 'द टू नोबल किन्समेन' या नाटकातही हा भोवरा आढळतो. गरगर फिरणाऱ्या वस्तूला झोपेची उपमा द्यावी, हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण भोवरा ऐन वेगात आला, म्हणजे जागच्या जागी इतका निश्चल उभा राहतो, की तो फिरतो आहे हे सांगूनही खरे वाटू नये. ज्याने ही उपमा प्रथम योजली, त्याने लहान मुलांचा खेळ डोळे उघडून पाहिला होता खास.

मुलांना निजवताना म्हणतात ते 'स्लीप टाइट' तर तिकडच्या घराघरांत आहे. जुन्या पलंगांना दोऱ्यांची वीण असे, त्या दोऱ्या ताणून घट्ट केल्या म्हणजे झोप चांगली लागे, म्हणून हा प्रयोग आला, अशी कथा सांगतात. आमच्याकडे सैल झालेल्या बाजेत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना ही कथा तत्काळ पटेल. परंतु भाषेच्या अभ्यासकांना ती पटत नाही. येथे 'टाइट' म्हणजे नुसते 'गाढ', एवढेच त्यांचे म्हणणे. शब्दांच्या अशा गोड कथा बहुधा खोट्याच निघतात, असा माझा अनुभव आहे.

आमच्या मराठी झोपेला मात्र इतके सामान लागत नाही. आमचा मनुष्य नुसता लवंडतो, कलंडतो, पाठ टेकतो, आणि त्याचा डोळा लागतो. दुपारी जेवून डाव्या कुशीवर निजण्याला 'वामकुक्षी' असे भारदस्त संस्कृत नाव देऊन आम्ही आळसाला शास्त्राचा आधार मिळवून दिला आहे. पहाटेच्या झोपेला साखरेची गोडी देणारा 'साखरझोप' यासारखा शब्द मला इंग्रजीत अजून भेटलेला नाही. आणि मोडलेल्या झोपेचे 'खोबरे' करणारा पहिला मनुष्य कोकणातलाच असला पाहिजे, असे मला, मी स्वतः कोकणातला असल्यामुळे, मनापासून वाटते. अंथरुणाचा उपदेश दोन्ही भाषांत आहे, पण त्यांतला फरक मोठा मार्मिक आहे. आमची म्हण अंथरूण पाहून पाय पसरावयास सांगते. तिला काळजी आहे ती खर्चाची. इंग्रजांची म्हण सांगते, की तू जसे अंथरूण घातलेस, तसे त्यावर तुला निजलेच पाहिजे. तिला काळजी आहे ती कर्माची. कर्मविपाकाचे तत्त्व आम्ही ग्रंथांत ठेवले आणि इंग्रजांनी ते बिछान्यात आणून ठेवले!

परंतु या सगळ्यांत मला विलक्षण वाटतो तो 'लँड ऑफ नॉड'. डुलकी घेताना मान पुढे झुकते, तिला इंग्रजीत 'नॉड' म्हणतात. म्हणून पेंगुळलेले मूल या 'नॉड'च्या देशाला निघाले, असे कौतुकाने म्हणावयाचे. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या उपरोधिक संवादांत ही कोटी आलेली आहे. पण त्या देशाचे मूळ नाव बायबलातले आहे. आदम व ईव्ह यांचा थोरला मुलगा केन याने मत्सराच्या भरात आपल्या धाकट्या भावाचा, आबेलचा, वध केला आणि देवाच्या शापाने तो एडनच्या पूर्वेस नॉड देशात जाऊन राहिला. हिब्रू भाषेत त्या नावाचा संबंध भटकण्याशी आहे. भावाचा घात करून ज्याने स्वास्थ्य गमावले, त्याच्या वनवासाच्या देशात इंग्रज आया आपली बाळे निजावयास पाठवतात! वर्गात हे सांगितले, की मुले हसतात. मीही पुष्कळ वर्षे हसत असे.

१९९८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मला पुण्यात नोकरी लागून तीन-चार वर्षे झाली होती. त्या दिवशी पहिल्या तासाला मी 'स्लीप ऑन इट' हाच वाक्प्रचार शिकवला होता, आणि शिकवण्याची हौस नवी असल्यामुळे तो रंगवून शिकवला होता. संतापात घेतलेला निर्णय हा तापलेल्या तव्यासारखा असतो, तो रात्रभर निवू द्यावा, असे काहीसे मी बोललो होतो. संध्याकाळी गावाकडचे एक नातेवाईक भेटावयास आले आणि बोलता बोलता त्यांनी सांगितले, की आमच्या परसातला जुना फणस दादाने तोडून विकला.

तो फणस वडिलांच्या हातचा होता. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. घर व आई त्याच्याजवळ होती. मी शिकत असताना माझ्या खोलीचे भाडे दर महिन्याला त्याच्याच मनीऑर्डरीने येत असे. हे सारे मला त्या संध्याकाळी आठवावयास हवे होते. मला आठवला तो एक फणस, आणि आपल्याला कोणी विचारले नाही, हा अपमान. पाहुणे गेल्यावर मी लिहावयास बसलो. भाषा माझ्या हाताशी होती. चार पाने झाली. वडिलोपार्जित वस्तूंचा हिशेब मला वेळच्या वेळी कळावा, हे त्यांतले सर्वांत सौम्य वाक्य होते. रात्री अकरा वाजता मी चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो आणि पत्र आत टाकले. पेटीवरच्या पत्र्यावर टपाल काढण्याची वेळ लिहिली होती, सकाळी साडेनऊ. म्हणजे ते पत्र रात्रभर पेटीत स्वस्थ निजले. आमच्या दोघांत निजलो नाही तो मीच.

आठ दिवसांनी उत्तर आले, ते कार्डावर. 'पत्र पोचले. फणसाचे ६,२०० आले. पैकी कौले, वासे व रिपा यांस ५,४५० व मजुरी ७५०. माजघर गळत होते. आईची प्रकृती ठीक आहे.' खाली त्याचे नाव. दादाच्या पत्राचा मायना जन्मापासून ठरलेला होता, 'चि. भाऊस अनेक आशीर्वाद'. त्या कार्डावर मायना नव्हता. चार पानांच्या माझ्या विद्वत्तेला त्या कोऱ्या जागेने जे उत्तर दिले, ते मी आजतागायत विसरलो नाही.

पुढे भांडण असे झालेच नाही. भांडण झाले असते तर ते मिटलेही असते. कार्यप्रसंगाची बोलावणी येत, मी जात असे, दादा माझ्या पानात आग्रहाने वाढीत असे. २००७ साली आई गेली, तेव्हा दहाव्या दिवशी आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो होतो आणि भटजींच्या दक्षिणेपलीकडे एक शब्द बोललो नाही. 'स्लीपिंग डॉग्ज'ना निजू द्यावे, असे इंग्रजीत म्हणतात. चौदाव्या शतकात चॉसरनेही निजलेल्या कुत्र्याला न उठवण्याचा हाच विचार काव्यात मांडला आहे. आमच्याकडे 'खपली काढू नये' म्हणतात. दोन्ही भाषांचा आधार घेऊन मी वर्षानुवर्षे गप्प राहिलो. वाक्प्रचारांचा हाही एक उपयोग आहे. भित्रेपणाला ते शहाणपणाचे कपडे शिवून देतात.

पण मला सर्वांत अधिक बोचत आले आहे ते निराळेच. लहानपणी आम्ही दोघे भाऊ भांडलो, की आई म्हणत असे, "रात्र मध्ये जाऊ दे. मग काय बोलायचे ते बोला." सकाळी बोलण्यासारखे काही उरत नसे. 'स्लीप ऑन इट'चा याहून चोख अर्थ कोणत्या कोशात सापडेल? आईला इंग्रजी येत नव्हते आणि तिने हे कधी फळ्यावर लिहिले नाही. मी मात्र तोच विचार परक्या भाषेतून विकत घेतला, त्याची व्युत्पत्ती पाहिली, त्यावर गुण ठेवले. आणि ज्या रात्री त्याची गरज पडली, त्या रात्री तो माझ्या कामी आला नाही. कदाचित वर्गात शिकवण्याच्या गोष्टी एका कप्प्यात आणि जगण्याच्या दुसऱ्या कप्प्यात, अशी माझी व्यवस्था झाली असावी. आईचे वाक्य त्या रात्री कानांत आले असते, तर मी चपला घातल्या नसत्या, असे मला अजून वाटते.

गेल्या श्रावणात मी गावी गेलो होतो. दादा आता पासष्टीच्या पुढे गेला आहे. रात्री माजघरात आम्हां दोघांची अंथरुणे शेजारी घातली होती. वीज गेली होती. पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता आणि आत एक थेंब येत नव्हता. ती कौले कशाची, हे मला ठाऊक होते. बराच वेळ कूस बदलून झाल्यावर मी म्हटले, "दादा, ते फणसाचे पत्र मी..."

तो काही वेळ बोलला नाही. मग अंधारातून आवाज आला, "रात्र फार झाली भाऊ. नीज आता." आणि थोड्याच वेळात तो घोरू लागला. मीही, कशी कोण जाणे, सकाळपर्यंत झोपलो.

उठलो तेव्हा दादा केव्हाच परसात गेला होता. मी चहाचा पेला घेऊन मागे गेलो. तोडलेल्या फणसाच्या जागेपासून चार पावलांवर दुसरा फणस उभा आहे. तो मी येता-जाता पाहिला होता, पण कधी विचारले नव्हते. दादा त्याच्या बुंध्याशी माती ओढीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुझ्या फणसाला यंदा बरे लागले होते. वहिनीने फणसपोळी करून ठेवली आहे, जाताना घेऊन जा."

'तुझ्या' हा शब्द त्याने मुद्दाम योजला, की सहज बोलून गेला, हे मी विचारले नाही. ते झाड त्याने कोणत्या साली लावले, हेही विचारले नाही. सत्तावीस वर्षांच्या रात्री मध्ये गेल्या होत्या. आणखी एखादी जाऊ द्यावयास माझी हरकत नव्हती.

ही सारी हकिकत त्या तिसऱ्या उत्तरपत्रिकेने पुन्हा जागी केली. त्या मुलाचे उत्तर मी परत वाचले. 'त्याने ते पत्र अंथरुणावर ठेवले व तो त्यावर झोपला.' भाषेच्या नियमाने ते चूक आहे, यात शंका नाही. पण १९९८ च्या त्या रात्री मी हे इतकेच, अक्षरशः इतकेच केले असते, तर? मी फुली खोडली आणि समोर अर्धा गुण लिहिला. पुरा देण्याचे धैर्य मात्र झाले नाही. शेवटी मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे.