काटा आणलाय का?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत गॅसची गाडी आली की मी पोऱ्याला आधी एवढंच विचारते, "काटा लाए हो?" घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्यापाशी रंगवलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. मागितलं तर वजन करून दाखवणं हे पोचवणाऱ्याचं कामच आहे, पण मागतं कोण? शेजारच्या वहिनी म्हणतात, "बिचारा जिना चढून आला, आता त्याला वजनही करायला लावायचं?" सुरुवातीला तो "सील पैक हे दाई" म्हणून टाळायचा. आता मुकाट्यानं काटा घेऊन येतो. एकदा सिलिंडर चांगलाच हलका निघाला, तेव्हा त्यानं एक शब्द न बोलता दुसरा दिला. त्याच दिवशी वहिनींनीही आपला मोजून घेतला.

लोभी माणूस फसतो, असं आपण सर्रास म्हणतो. रायपुरात माझा जन्म गेला, शाळेत शिकवताना निम्म्या शहराशी ओळख झाली. माझ्या पाहण्यातली माणसं लोभापायी थोडी आणि भिडेपायी फार फसली. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. समोरच्याला काय वाटेल, याच विचारात आपण पाकीट उघडतो.

भाचीच्या लग्नासाठी सदर बाजारात बांगड्या घ्यायला गेलो होतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय तो दुकानदाराला विकता येत नाही. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की दागिना कोणता, शुद्धता किती, हॉलमार्क कुठे झाला, हे सगळं दिसतं. पहिल्या दुकानात मी भिंग मागितलं. मालक म्हणाले, "भरोसा नहीं है क्या बहनजी? तीन पीढ़ी की दुकान है." भाची माझा पदर ओढायला लागली. मी उठले. चार दुकानं सोडून पुढच्या सराफानं न मागता भिंग पुढे केलं, घडणावळ वेगळी लिहून दाखवली आणि पक्कं बिल दिलं. पहिल्याकडचं सोनं खोटं होतं असं माझं म्हणणं नाही. तपासायला नाही म्हणाला, एवढंच मला पुरलं.

ही कसोटी चिट फंडांच्या वेळी मात्र तोकडी पडली. 2006 मध्ये इथली इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरी सहकारी बँक बुडाली होती. त्याचा चटका ताजा असतानाच छत्तीसगडच्या गावोगावी या कंपन्यांचे एजंट फिरायला लागले. सगळे त्यांना चिट फंड म्हणायचे, पण 1982 च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली भिशी ती ही नव्हेच. जमिनीच्या नाहीतर शेतीच्या नावावर ठेवी गोळा करायच्या आणि पाच-सहा वर्षांत दुप्पट देऊ म्हणायचं, असा तो धंदा. आणि एजंट कोण? माझाच जुना विद्यार्थी. त्याला कागद मागितले तर त्यानं आनंदानं दाखवले. कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, शिक्के, छापील बाँड, सगळं होतं. कंपनी नोंदलेली असणं निराळं आणि लोकांच्या ठेवी घ्यायची परवानगी असणं निराळं, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतःच्या आईचे पैसे आधी गुंतवले होते. मी परवानगीचं पत्र मागत राहिले. ते काही आलं नाही, म्हणून पैसे दिले नाहीत. तो बरेच दिवस रुसला होता. गल्लीतल्या इतरांनी दिले, कारण पोरगा घरचा. कंपनीला टाळं लागलं तेव्हा संचालक पसार झाले आणि लोक याच्या दारात जमले. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारनं ठेवीदारांकडून अर्ज मागवले, तेव्हा तहसील कचेरीतल्या रांगेत आईला घेऊन तोही उभा होता. ओळखीचा माणूस खरं बोलत असतो, पण त्याला सांगणारा खरं बोलतोच असं नाही. हल्ली रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आहे, कोणाला ठेवी घेता येतात ते तिथे पाहता येतं.

फोनवरचे भामटे ओळखायला त्या मानानं सोपे. "मैडम, आज रात साढ़े नौ बजे आपकी बिजली कट जाएगी," असा फोन मलाही आला. मी विचारलं, माझा बीपी नंबर सांगा. तो बिलावर छापलेला असतो, वीज कंपनीच्या माणसाला दिसायला हवा. तो म्हणाला, आधी एक अॅप टाका आणि दहा रुपये भरा. त्या अॅपमधून आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दिसतो, मग बँकेचा ओटीपीही दिसतो. मी म्हटलं, 'मोर बिजली' अॅपवर बिल बघते, उद्या कचेरीत येते. त्यावर तो चक्क ओरडायला लागला. मी फोन ठेवला. वीज काही गेली नाही.

'डिजिटल अरेस्ट'वाले तर गणवेश घालून कॅमेऱ्यासमोर बसतात आणि घरात कुणाला सांगू नका म्हणतात. अशी अटक कायद्यात नाहीच. तरी आमच्या ओळखीच्या एक बाई दिवसभर त्या पडद्यासमोर बसून राहिल्या. साहेबांचा फोन मध्येच कसा तोडायचा, म्हणून! संध्याकाळी मुलगा आला आणि त्यानं तो तोडला, पण तोवर एक ठेव मोडून झाली होती.

असे फोनवरून पैसे गेले तर पहिल्या तासाभरात 1930 वर कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघाली नसेल तर ती रोखता येते. दुकानाची, मालाची तक्रार असेल तर 1915. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनपाशी चिकटवा, आणि फोन मध्येच तोडला तरी चालतं, हेही त्यांना सांगून ठेवा.