ओळंब्याखाली

आमच्या भागात डोंगर नेमका कुठे संपतो, हे सांगणे कठीण आहे. कोकणातून पाहावे तर सह्याद्री ही उभी भिंत. पण आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटाने वर आले की ती भिंत एकाएकी नाहीशी होते आणि बेळगावची तांबडी माती सुरू होते. निपाणीची तंबाखूची काळी राने डोंगराच्या पाठीवरच पसरली आहेत, हे तिथल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. कळसूबाई १,६४६ मीटर, एव्हरेस्ट ८,८४८ मीटर, हे आकडे पोरांकडून घोकून घेतले. डोंगर वर किती, हे सगळ्यांना ठाऊक. तो खाली किती, हे मात्र एकाही पोराने विचारले नाही.

गंमत अशी, की या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले ते ओळंब्यामुळे. माझे वडील गवंडी होते. माणूस खोटे बोलेल, ओळंबा बोलणार नाही, अशी त्यांची श्रद्धा. परंतु हिमालयाच्या पायथ्याशी ओळंबाही किंचित झुकतो. मद्रासहून १८०२ मध्ये सुरू झालेली लॅम्बटनची मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला आणि काम एव्हरेस्टने पुढे नेले. मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि सिरोंजजवळचे कलियानपूर यांमधले अंतर जमिनीवरून मोजले तेव्हा एक आले, आणि ताऱ्यांवरून काढले तेव्हा दुसरे. ताऱ्यांच्या पद्धतीत ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे, हे ओळंबा ठरवतो. फरक होता कोनाच्या ५.२४ सेकंदांचा. दहा मीटर उंच भिंतीत एवढ्या कलाने पाव मिलिमीटरचा फरक पडेल. कोणत्याही गवंड्याच्या नजरेला तो दिसायचा नाही.

एव्हरेस्टने तो फरक मोजणीतली चूक म्हणून वाटून टाकला. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनी मात्र हिशेब केला: हिमालयाच्या ओढीने ओळंबा १५ सेकंदांहून अधिक झुकायला हवा होता. म्हणजे प्रश्न उलटाच झाला. ओळंबा झुकला कसा, हे कोडे राहिले नाही. तो इतका कमी का झुकला, हे कोडे झाले. १८५५ मध्ये एअरी या शास्त्रज्ञाने उत्तर सुचवले. पाण्यातल्या ज्या ओंडक्याचे डोके जास्त वर, तो खालीही जास्त खोल. डोंगराच्या हलक्या खडकाचे मूळ खालच्या जड थरात रुतलेले असते. तिथे जड द्रव्य कमी, म्हणून ओढही कमी. साधारण हिशेबाने एक किलोमीटर उंचीला साडेचार किलोमीटरचे मूळ लागते.

पण हे झाले अनुमान. खाली उतरून कोण पाहणार? ते काम भूकंपांनी केले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा निपाणीत आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. वडिलांनी बांधलेल्या एका घराची भिंत तडकली. मालक चार माणसांसमोर म्हणाला, “तुझा ओळंबा चुकला.” वडिलांनी काही न बोलता तिथेच दोरी सोडली. भिंत ओळंब्यात होती. “भिंत सरळ हाय, मालक. खाली काय हाय ते बघा,” एवढेच ते म्हणाले. पाया उकरला तेव्हा अर्धा मुरमावर आणि अर्धा काळ्या मातीवर निघाला. मालकाने मग मजुरी दिली, शब्द मात्र मागे घेतला नाही. वडिलांना तो शेवटपर्यंत लागून राहिला.

खाली काय आहे ते बघायची शास्त्रज्ञांची रीत अशी. १९०९ मध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला. मोहोरोविचिच यांना दिसले, की दूरच्या केंद्रांवर एकाच धक्क्याच्या दोन लाटा पोचतात. हे एस.टी.सारखेच आहे. जवळच्या गावाला आतल्या रस्त्याची गाडी आधी पोचते. लांब जायचे तर हमरस्त्यापर्यंतचा वळसा घेऊनही त्या रस्त्याची गाडी पुढे निघते. भूकवचात लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, त्याखालच्या प्रावरणात ८. खालची लाट वरचीला ज्या अंतरावर गाठते, त्याला ५.३ ने भागा. कवचाची जाडी मिळते. दोनशे किलोमीटरवर गाठले, तर जाडी सुमारे ३८.

भूकंपानंतर, १९७० च्या दशकात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने जमिनीत सुरुंग उडवून हीच मोजणी कोयनेच्या मुलखात केली. एक रेषा गुहागरहून सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत होती, दुसरी केळशीहून लोणीपर्यंत. कवच भरले साधारण ३६ ते ४० किलोमीटर. तिबेटाखाली ते ७० च्या आसपास आहे. पुढे कोयनेजवळ गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खोदले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा कातळ संपला आणि ग्रॅनाइट लागला. म्हणजे प्रत्यक्ष हात पोचला तो जाडीच्या दहाव्या हिश्शापर्यंतही नाही. बाकीचे सगळे कान लावून कळलेले.

मला त्या आकड्यांत एक गोष्ट मोठी वाटते. सह्याद्री हिमालयासारखा घड्या पडून उठलेला डोंगर नव्हे. तो पठाराची तुटलेली कड आहे. एवढ्याशा उंचीला फार मोठे मूळ लागत नाही. कोकण आणि देश यांच्यामध्ये एवढी भिंत उभी दिसते, पण चाळीस किलोमीटर खाली तिचा मागमूस जेमतेम चार किलोमीटरचा. आम्ही सीमेवरची माणसे. वरच्या रेषा आम्हाला फार लवकर दिसतात, आणि त्यांवरून माणसाची पारख करायची घाईही फार. पुढच्या वेळी कुणाच्या भिंतीला तडा दिसला तर बोट दाखवण्याआधी पाया उकरून पाहावा, एवढे तरी या मोजणीतून घेता येईल.