वळणावरचे दुकान

वाचकहो, आपल्या रस्त्यावर गेल्या पंधरवड्यात नवीन काय दिसले, हे आपल्याला सांगता येईल का? साठीपुढील रुग्णाचा रक्तदाब मोजताना मी हल्ली हा प्रश्न हमखास विचारते. वरवर तो गप्पांचा वाटतो. माझ्या दृष्टीने तो तपासणीचाच भाग आहे. तो मी पुस्तकातून नव्हे, घरात शिकले.

आमचे घर पुण्यात, लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत आहे. माझे वडील, अण्णा, ८३ वर्षांचे. रोज सायंकाळी ते एकटे फेरी मारून येत. मागील वर्षी एकदा त्यांना परतायला तासभर उशीर झाला. एका अनोळखी तरुणाने त्यांना हात धरून दारापर्यंत आणले. "दुकानच दिसलं नाही, म्हणून वळलो नाही," एवढेच ते म्हणाले.

मी डॉक्टर! माझ्या मनात एकच शब्द आला: स्मृतिभ्रंश. साखर, बी-१२, थायरॉइड, मेंदूचे स्कॅन, सगळे करवून घेतले. अहवालांत विशेष काही नव्हते. तरीही "यापुढे अण्णांना एकटं सोडायचं नाही," असे मी भावाला सांगितले, तेही त्यांच्यादेखत. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी बाहेर जाणेच सोडले. दोन महिन्यांत खुर्चीतून उठताना त्यांना हातांचा आधार लागू लागला.

मी स्वतः त्या रस्त्याने नेहमी दुचाकीवरून जाते. एका रविवारी संध्याकाळी मात्र पायी निघाले आणि परतताना आमच्या गल्लीचे वळण ओलांडून चक्क पुढे गेले. कोपऱ्यावरचे कापडाचे जुने दुकान, त्याचा लाकडी बाक आणि पिवळा दिवा, काहीच नव्हते. त्या जागी काचेचे, पांढऱ्या प्रखर उजेडाचे मोबाइलचे दुकान थाटले होते. शेजारचा वाडा हिरव्या जाळीआड गेला होता. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. असा उजेड तर त्यांचे डोळे दिपवणारच. ते अगदी खरे सांगत होते आणि मी त्यांचे वाक्य लक्षण म्हणून नोंदवले होते.

वृद्ध माणूस रस्ता खुणांनी ओळखतो. खूण पुसली की त्याचा धीर सुटतो. चालणे थांबले की पायांतील बळ आणि तोल दोन्ही घटतात, पडण्याची भीती वाढते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. त्यासाठी घराबाहेरचा रस्ता आपला वाटावा लागतो.

म्हणून काळजीवाहकांना माझी विनंती आहे: महिन्यातून एकदा घरातील ज्येष्ठांबरोबर, दिवसाउजेडी, त्यांच्या चालीने तो रस्ता चाला. नवी पायरी, गुळगुळीत फरशी, न दिसणारे काचेचे दार आणि टेकायची जागा त्यांना दाखवा. नवी खूण टिकाऊ निवडा. आमच्याकडे दुकाने बदलतात, पण चौकांची ओळख गरुड गणपती, नगरकर तालीम, सोन्या मारुती अशीच राहते. आम्ही गरुड गणपतीपासून घरापर्यंतचे विजेचे खांब मोजून ठेवले.

एक सावधगिरी मात्र हवी. रस्ता तोच असूनही माणूस चुकत असेल, तेच तेच विचारत असेल, पैशांचा हिशेब जमत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. गोंधळ अचानक उद्भवला, तर त्याच दिवशी, तातडीने दाखवावे.

अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवते; त्या दिवशी ते माझ्यासोबत भर रस्त्याच्या मधून चालले. आता ते पुन्हा एकटे जातात आणि कोणते दुकान उघडले, कोणते मिटले, हे मलाच सांगतात.

त्यांच्यादेखत बोललेल्या त्या वाक्याबद्दल मी अजून त्यांची क्षमा मागितलेली नाही. हा अंक घरी आला की पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवणार आहे.