फळ्याशेजारचे पान

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मराठीच्या वहीत निबंध लिहिता. तो कोण वाचते? सर वाचतात, लाल शाईने चुका दाखवतात आणि खाली सही करतात. मग वही दप्तरात जाते. खरे ना?

मी ऐरोलीला राहतो आणि एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गातही अनेक वर्षे असेच चालले होते. मुलांना गुण बरे मिळत. पण चार वाक्ये स्वतःच्या मनाने लिहा म्हटले, की ती गप्प बसत. मला वाटले, जे कोणी वाचणार नाही, ते मन लावून कोण लिहील? म्हणून मी फळ्याशेजारी एक मोठा पुठ्ठा टांगला आणि सांगितले, "रोज एकाने येथे मराठीत एक पान लावायचे. जे पाहिले, जे ऐकले, तेच लिहायचे. कोणीही यावे आणि वाचावे."

पहिले काही दिवस मुलांनी पुस्तकातलीच वाक्ये उतरवून लावली. मग एका अबोल मुलीने ऐरोलीच्या खाडीवर पान लिहिले. ती घरच्यांबरोबर होडीतून रोहित पक्षी पाहायला गेली होती. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हे पक्षी हजारोंच्या संख्येने येतात. २०१५ साली या खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिने खारफुटीची झाडे, चिखलात चोच खुपसणारे पक्षी, सारे काही लिहिले होते. शेवटी लिहिले होते, "भरतीचा पाणी आला आणि आपण परत निघालो."

मधल्या सुट्टीत कोणीतरी 'पाणी आला'खाली पेन्सिलीने रेघ मारली. 'आपण'पुढे लिहिले, "आम्ही कुठे होतो होडीत?" मुले हसली. दुसऱ्या दिवशी पान तेथे नव्हते. तिने ते काढून टाकले होते.

मला फार वाईट वाटले. चूक काही मोठी नव्हती. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंगही आहे. उर्दूत 'हम' या एकाच शब्दाने भागते. मराठीत ऐकणारा बरोबर असेल तर 'आपण' आणि नसेल तर 'आम्ही'. हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. पण चुकीला हसायचे नसते, हे शिकवायचे राहून गेले होते.

त्या वेळी मी उर्दू लिपी शिकत होतो. रात्री बसून मी उर्दूत पाच ओळी लिहिल्या आणि सकाळी पुठ्ठ्यावर लावल्या. मराठीत एकच 'स' आणि एकच 'ह'. उर्दूत 'स'साठी से, सीन आणि स्वाद, तर 'ह'साठी दोन अक्षरे! 'सुबह' हा शब्द मी सीनने लिहिला होता आणि शेवटी 'छोटी हे' काढली होती. पुठ्ठ्यापुढे गर्दी झाली. तीच अबोल मुलगी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "सर, येथे स्वाद पाहिजे आणि बडी हे." मी सर्वांसमोर शब्द दुरुस्त केला आणि तिचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी तिचे पान पुन्हा पुठ्ठ्यावर आले. या वेळी भरतीचे पाणी 'आले' होते.

मित्रांनो, ही युक्ती माझी नव्हे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. मुलांना लिहा असे सांगणारा शिक्षक आधी स्वतः लिहीत होता. भारतातील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे त्यांचे 'आंतरभारती'चे स्वप्न होते.

आणि आपल्या दोन भाषा काही फार दूरच्या नाहीत. तुमचा 'कागज' आमच्याकडे 'कागद' झाला, 'सियाही'ची 'शाई' झाली, 'दवात'ची 'दौत' झाली. लिहिण्याचे सारे साहित्य तर आपले एकच आहे!

त्या मुलीने आपल्या पानातला 'आपण' मात्र बदलला नव्हता. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, वाचणाऱ्याला वाटावे की तोही आमच्याबरोबर होडीत होता. मग 'आपण' चालेल ना?"

मी लाल पेन खिशात ठेवले. तुम्हीही आजच एक पान लिहा आणि ते कोणाला तरी वाचायला द्या. चुका होतील, होऊ द्या. त्या आपण मिळून सुधारू.