एका पत्त्यामागच्या दोन व्हीएम

ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना नेटवर्किंग शिकवायचं काम माझ्याकडे असतं. नॅटची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पॅकेटवरचा पत्ता बदलताना मात्र कुणी पाहिलेला नसतो. तो दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

लॅपटॉपवर केव्हीएममध्ये तीन व्हीएम उभ्या करायच्या. एकीला दोन नेटवर्क कार्डं, ती राउटर. उरलेल्या दोघी आतल्या, वेगळ्या ब्रिजवर. त्यांचे पत्ते १०.१०.१०.११ आणि १२. राउटरचं बाहेरचं कार्ड लिबव्हर्टच्या नेहमीच्या नेटवर्कात, समजा १९२.१६८.१२२.५० वर. होस्टवर एक साधा वेब सर्व्हर.

राउटरवर आयपी फॉरवर्डिंग शून्याचं एक केलं, की आतून पाठवलेलं पिंग बाहेरच्या कार्डावर टीसीपीडम्पमध्ये दिसायला लागतं. उत्तर काही येत नाही. पॅकेटवर पत्ता असतो १०.१०.१०.११, आणि हे नेटवर्क कुठे आहे हे होस्टला ठाऊकच नसतं. मुलांना मी इथे मुद्दाम थांबवतो. नियम लिहायची घाई करू नये, आधी अडलंय कुठे ते नीट बघावं.

मग एनएफटेबल्समध्ये पोस्टराउटिंगला मास्करेडचा एक नियम. आता दोन टर्मिनल शेजारीशेजारी ठेवायचे, आतल्या कार्डाचा एक आणि बाहेरच्याचा एक. तेच पॅकेट आत ११ च्या नावावर, बाहेर ५० च्या नावावर. हे बघताना एकीने विचारलं होतं, "सर, दोघींची उत्तरं ५० वरच येणार. कुठलं कुणाचं ते राउटरला कळतं कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी म्हटलं, "दोन्हीकडून कर्लला एकच सोर्स पोर्ट दे, ४००००, आणि एकाच वेळी सोड." पहिलीचा पोर्ट तसाच राहिला. दुसरीची विनंती राउटरमधून निघाली ती भलत्याच पोर्टवरून, कारण त्याच सर्व्हरसाठी ५० वरचा ४०००० आधीच अडकलेला होता. कॉनट्रॅकच्या यादीत दोन ओळी होत्या. प्रत्येकीत आतला मूळ पत्ता-पोर्ट आणि उत्तर ज्यावर यायचं तो पत्ता-पोर्ट. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र दोन्ही विनंत्या ५० च्याच. १९९४ साली आरएफसी १६३१ मध्ये ही कल्पना आली ती आयपीव्ही४ चे पत्ते पुरणार नाहीत म्हणून, आणि त्या कल्पनेवर एवढी घरं-ऑफिसं चालतात ती अशा नोंदींच्या जोरावर. मला आजही ही यादी वाचायला आवडते.

पिंग चालू असताना तेवढा एक नियम काढून टाकला, तरी पिंग चालूच राहतं. नॅटचा निर्णय जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच होतो. पुढची पॅकेटं नोंदीवरून जातात. कॉनट्रॅकमधली ती नोंद पुसली, की उत्तरं लगेच बंद. प्रत्यक्ष कामात याचा फार उपयोग होतो: नियम बदलूनही फरक पडेना, तर आधी जुन्या नोंदी बघाव्यात.

त्या मुलीने त्याच दिवशी प्रीराउटिंगला डीनॅटचा नियम लिहून १२ वरचा वेब सर्व्हर होस्टवरून उघडून दाखवला. पोर्ट फॉरवर्डिंग तिला वेगळं शिकवावं लागलं नाही.