दिवेलागणीची उपासना

ख्रिस्ती धर्मात रोजच्या प्रार्थनेला वेळेचे बंधन प्रारंभापासूनच आहे. जुन्या करारातील दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकतो, आणि आद्य ख्रिस्ती मंडळीच्या 'डिडाखे' नावाच्या नियमपुस्तिकेत, येशूने शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' दिवसातून तीन वेळा म्हणावी असा स्पष्ट आदेश आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना बायबलमधील दीडशे स्तोत्रे दर आठवड्याला पुरी करण्याचा नेम घालून दिला. तो संसारी माणसाला झेपणारा नव्हता, म्हणून १५४९ साली इंग्लंडच्या मंडळीने काढलेल्या प्रार्थनापुस्तकात हीच स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटली गेली.

हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे ख्रिस्ती कुटुंबे अगदी थोडी, तिथे या नेमाचा भार देवळापेक्षा घरावरच अधिक पडतो. रविवारची उपासना आठवड्यातून एकदा होते. उरलेले सहा दिवस 'कौटुंबिक उपासना', म्हणजे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून गायलेले एक गीत, वाचलेला पवित्र शास्त्राचा एक उतारा आणि केलेली एक प्रार्थना, हाच काय तो आधार. पण या गावाचा दिवस घड्याळावर चालत नाही, हळदीवर चालतो. जूनच्या आसपास लावलेली हळद जानेवारीनंतर काढणीला येते. मग ती शिजवायची, अंगणात किंवा खळ्यावर पसरून दहा-पंधरा दिवस वाळवायची, फिरत्या ढोलात घालून तिचे पॉलिश करायचे आणि पोती भरून मोंढ्यावर न्यायची, या धांदलीत घरातला कर्ता माणूस संध्याकाळी ठरल्या वेळी हाती लागणे कठीण. त्यातच शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येऊ लागली की जेवणानंतर बसू म्हटलेली उपासना पाण्याच्या पाळीत वाहून जाते. अशा घरात टिकाव धरतो तो घड्याळातील ठरावीक मिनिटाला बांधलेला नेम नव्हे, तर एखाद्या घरगुती कृतीला बांधलेला नेम: दिवा लागला की बसायचे, जितके जण असतील तितक्यांनी. शेजारच्या घरांतून शुभंकरोती म्हटले जाण्याची वेळही हीच, त्यामुळे या वेळेला बसण्याची सवय ख्रिस्ती मुलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नित्यनेमाचा एका आयुष्यातील प्रवास पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८-१९३६) 'स्मृतिचित्रे' हाताशी आहे. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात त्यांचे बालपण गेले. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्या वेगळ्या राहिल्या, आणि पुढे एकत्र नांदू लागल्यावरही सोवळे सुटायला काळ जावा लागला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मत बदलते त्या दिवशी अंगवळणी पडलेला नेम बदलत नाही, हे या आत्मकथनात जितके विनोदाने आणि प्रांजळपणे आले आहे तितके धर्मशास्त्रावरच्या जाड ग्रंथांत क्वचितच सापडते.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा कल उत्स्फूर्त प्रार्थनेकडे, म्हणजे त्या क्षणी मनात येईल ते आपल्या शब्दांत बोलण्याकडे होता, आणि पाठ केलेल्या शब्दांविषयी त्यांना संशय असे. तो संशय निराधार नव्हता, पण रोजच्या सवयीच्या बाबतीत तो महागात पडतो. थकलेल्या माणसाला रोज नवे शब्द सुचत नाहीत, आणि सुचले नाहीत की त्याला वाटते आपली श्रद्धाच आटली. नारायण वामन टिळकांनी ही अडचण आपल्या मातीतल्या मार्गाने सोडवली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे बोलणारे हे कवी अभंग लिहीत होते, आणि अभंग पाठ होतो, चालीवर बसतो, टाळ असला-नसला तरी चालतो. वसमतच्या परिसराला तर हे वेगळे सांगायला नको. संत नामदेवांची नरसी आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेतले औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे याच हिंगोली जिल्ह्यात आहेत, आणि रोज संध्याकाळी तेच अभंग म्हणण्यात इथे कोणाला कृत्रिमता वाटलेली नाही.

लहानपणी अर्थ न कळता पाठ झालेले हे शब्द तरुणपणी बहुधा बाजूला पडतात. मुलगा शिक्षणासाठी नांदेडला किंवा पुण्याला जातो, खोलीत आणखी तिघे असतात, आणि गुडघे टेकायला त्याला लाज वाटते. पुढे तो पुन्हा सुरुवात करतो ती मोठ्या निश्चयाने, पहाटे तासभर वगैरे, आणि पहिल्या खंडालाच सगळे सोडून देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरीने सुमारे ६६ दिवस लागले, मात्र हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीवर फारसा परिणाम झाला नाही. तो अभ्यास खाणे, पिणे आणि व्यायाम यांसारख्या कृतींचा होता, प्रार्थनेचा नव्हे. तरीही चुकलेल्या संध्याकाळीला पाप समजून नेमच टाकून देणाऱ्याने तो वाचावा. म्हातारपणी नावे विसरतात, नातवंडांची अदलाबदल होते, आणि प्रभूची प्रार्थना मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत सलग येते, हा अनुभव अनेक घरांचा आहे.

तयार शब्दांची एक अडचण मात्र कोणी फारशी बोलून दाखवत नाही. स्तोत्रे महिनाभर क्रमाने वाचायची ठरवली की त्यांत वैऱ्याला दिलेले शापही येतात. १०९ वे स्तोत्र जवळजवळ तेवढ्यासाठीच आहे. रोमन कॅथलिक मंडळीने १९७० नंतरच्या आपल्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे सरळ वगळली. घरी वाचणारे आजोबा तसा ठराव करत नाहीत; समोर मुले बसलेली असतात, ते चष्मा पुसतात, पान उलटतात आणि ११० व्यापासून पुढे वाचू लागतात.